प्रवेशाची वयोमर्यादा गेली, नोकरीची राहिली: वैद्यकीय शिक्षण आणि आरोग्य विभागांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षण मंडळ, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : नोकरी सोडून एमबीबीएसला येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसंबंधीचे नियम

महोदय / महोदया,

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. बीएस्सी झाल्यावर माझी बरीच वर्षे ठाण्यातल्या एका कार्यालयात आरोग्यविम्याचे दावे तपासण्यात गेली. तिशी उलटल्यावर मी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली आणि जागा मिळाल्यावर राजीनामा दिला. स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, कारण माझे बरे चालले आहे. पण बँकेतून, आयटी कंपनीतून, शाळेतून या शिक्षणाकडे वळलेले किंवा वळू पाहणारे काही जण माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत आपल्या तिन्ही कार्यालयांच्या नियमांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, हे आता मला पुरते कळून चुकले आहे. एका कार्यालयाने दार उघडले आहे. त्या दारातून आत आलेला माणूस सहा-सात वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा त्याचे करायचे काय, याचा विचार दुसऱ्या कार्यालयाने केलेला दिसत नाही.

आधी दार कसे उघडले ते सांगते, कारण ते सहज उघडलेले नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेने नियमात दुरुस्ती करून नीटसाठी कमाल वय खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० असे ठरवले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली, तर नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ वर्षांवरील उमेदवारांना २०१९च्या परीक्षेला तात्पुरते बसू दिले. पुढची काही वर्षे हे उमेदवार 'अंतिम निर्णयाच्या अधीन राहून' अभ्यास करत होते. शेवटी, परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २१ ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत कमाल वयाची अट नसावी असे ठरले आणि ९ मार्च २०२२ च्या पत्राने ते परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला कळवण्यात आले. या निर्णयाबद्दल आयोगाचे मनापासून आभार मानते. तो झाला नसता तर मी आजही 'प्री-ऑथ', म्हणजे उपचारांआधीच्या खर्चाच्या मंजुऱ्या, देत बसले असते.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत सरळसेवेने येण्यासाठी सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. केंद्रात संघ लोकसेवा आयोग जी एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षा घेतो, तिची मर्यादा त्याहून खाली, साधारणपणे ३२ वर्षे आहे. केंद्रीय आरोग्य सेवेतील पदांसाठी ती ३५ आहे. खुल्या प्रवर्गातली एक व्यक्ती ३२व्या वर्षी शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेते असे धरू. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप), म्हणजे साडेसदतीस. त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे साडेअडतीस. एकही वर्ष वाया गेले नाही, एकही विषय राहिला नाही, तरी हातात पदवी घेऊन ती व्यक्ती राज्यसेवेच्या दाराशी पोहोचते तेव्हा दार नुकतेच बंद झालेले असते. केंद्राचे तर ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शरीरविकृतिशास्त्राचे (पॅथॉलॉजीचे) जर्नल भरत होती तेव्हाच बंद झालेले असते. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे यात धरलेलीच नाहीत.

यातली खरी विसंगती बंधपत्राच्या वर्षात आहे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरने एक वर्ष शासनाची सेवा केली पाहिजे ही अट मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या शिक्षणावर लोकांचा पैसा खर्च होतो आहे. पण हे वर्ष पुरे करण्यासाठी शासन स्वतःच्या आदेशाने अडतीस वर्षांच्या डॉक्टरला एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर पाठवते, तिच्याकडून बाह्यरुग्ण विभाग चालवून घेते, बाळंतपणे करवून घेते, शवविच्छेदनेही करवून घेते, आणि वर्ष संपल्यावर, त्याच केंद्रावर नियमित वैद्यकीय अधिकारी म्हणून राहायची तिची तयारी असली, तर तिला सांगते की तुमचे वय बसत नाही. जे वय बंधपत्राला चालले ते नियुक्तीला चालत नाही. मग तिने कंत्राटी पद्धतीने, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर, तेच काम करायचे. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून कुलूप लागलेल्या आरोग्य केंद्रांच्या आणि एकाच डॉक्टरवर दोन-दोन केंद्रांचा कार्यभार असल्याच्या बातम्या वाचताना मला या हिशेबाचे नेहमी आश्चर्य वाटते.

नोकरीची कमाल वयोमर्यादा कशासाठी असते हे मी समजू शकते. लवकर लागलेल्या माणसाकडून जास्त सेवा मिळते. परंतु ती मर्यादा ज्या पदांना समोर ठेवून घातली गेली, त्या पदांसाठी लागणारी पदवी एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हाती येते. एमबीबीएस ही पदवी आंतरवासितेसह अठरा वर्षांच्या मुलालाही साडेतेविसाव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि त्यापुढचे एक वर्ष शासनच घेते. म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती सार्वजनिक आरोग्य विभागाला आहे. वैद्यकीय अधिकारी पदाच्या वयोमर्यादेत एमबीबीएसचा प्रत्यक्ष कालावधी, आंतरवासिता आणि बंधपत्रित सेवा एवढी वर्षे मोजू नयेत, किंवा या पदापुरती मर्यादा सरळ ४५ करावी. त्या बदल्यात शासनाने काही मागितले तरी चालेल. अशा सवलतीने रुजू होणाऱ्याने पहिली पाच वर्षे आदिवासी किंवा दुर्गम तालुक्यात काम करावे अशी अट घातली, तर माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची तिला हरकत नसेल. चाळिसाव्या वर्षी रुजू झालेला अधिकारीही निवृत्तीपर्यंत निदान अठरा वर्षे काम करतो. एका आरोग्य केंद्राच्या दृष्टीने सलग अठरा वर्षे हा फार मोठा काळ आहे. बदलीच्या आदेशाकडे डोळे लावून बसलेल्या तरुणाकडून तो सहसा मिळत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो मी महाविद्यालयात तोंडावर ऐकलेला आहे: तुम्ही एका अठरा वर्षांच्या मुलाची जागा घेतलीत. नीटला दर वर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात आणि शासकीय जागा त्या मानाने मूठभर असतात, हे पाहता हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याला माझे उत्तर इतकेच, की पेपर एकच होता. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. कार्यालयातून रात्री आठला घरी येऊन अभ्यास केला म्हणून कुणी एक गुणही जास्त दिला नाही, आणि तो द्यावा असे माझे म्हणणेही नाही. प्रौढांसाठी राखीव जागा मी मागत नाही. तशा जागा झाल्या तर मी त्यांना विरोध करीन.

राहिला प्रश्न उशिरा आलेल्या डॉक्टरच्या हातून सेवा किती होणार, याचा. रखमाबाईंचे नाव या तिन्ही कार्यालयांत ठाऊक असेल. बालपणी लावलेला विवाह नाकारून न्यायालयात लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकायला गेल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या. १८९४ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या डॉक्टर झाल्या आणि मग सुरतेत व राजकोटला त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांवर उपचार केले. २०१८ची वयाची अट त्या काळी असती तर ती बरोबर त्यांच्या वयाशी येऊन थांबली असती. बाबा आमटे तर वकील होते. त्यांना कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनने कुष्ठरोगाच्या अभ्यासक्रमाला घेतले, तेव्हा त्यांचे वय आणि आधीचा व्यवसाय आड आला नाही. ही मोठी माणसे होती, आम्ही नाही. पण नियम बनवताना मोठी माणसे आधी ओळखता येत नाहीत, ही अडचण आहेच.

नोकरीतून आलेला माणूस सोबत काय आणतो हेही थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रवेशाच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही. दावे तपासताना माझ्याकडे एकाच पॉलिसी क्रमांकावर ठरावीक अंतराने तीन दावे आले होते: पहिला मधुमेहामुळे पायाचा अंगठा काढल्याचा, दुसरा अर्धे पाऊल काढल्याचा, तिसरा गुडघ्याखालून पाय काढल्याचा. माझे काम एवढेच, की मधुमेह पॉलिसी घेण्याच्या आधीपासून होता का ते शोधायचे. तिन्ही फायलींत डिस्चार्ज कार्ड होते, इनडोअर केस पेपर होते, औषधांची बिले होती. या माणसाला रोज रात्री पाय तपासून पाहायला कोणी सांगितले होते का, याचा कागद कोणत्याच फायलीत नव्हता आणि तो मागवण्याची सोयही आमच्या संगणकात नव्हती. आज वॉर्डात मधुमेहाचा रुग्ण आला की मी न सांगता त्याचे मोजे काढायला लावते. माझ्या वर्गातली मुले माझ्यापेक्षा भराभर पाठ करतात, त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. पण नातेवाइकांनी आणलेली कागदांची पिशवी उलगडून त्यातून रेशनकार्ड कुठले, जुना एक्स-रे कुठला आणि जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, नेमके काय न्यायचे हे पाच मिनिटांत लावून देण्याचे काम वॉर्डात माझ्याकडे येते. बँकेतून आलेला, शाळेतून आलेला असाच आपापले काहीतरी घेऊन येतो.

आता वैद्यकीय शिक्षण विभागाकडे वळते. इथल्या अडचणी लहान आहेत, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: एमबीबीएसचा विद्यार्थी म्हणजे आईवडिलांच्या ताब्यातला, नुकता बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याने द्यायचे असते तसे पालकानेही द्यायचे असते. त्याप्रमाणे माझ्या सत्तरी ओलांडलेल्या वडिलांनी, चष्मा दोनदा पुसून, आपली मुलगी कोणाचे रॅगिंग करणार नाही अशी हमी लिहून दिलेली आहे. (घरी यावर पुष्कळ हसणे झाले, तरी वडिलांनी कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही केली नाही.) हजेरी कमी भरली की संदेश त्यांच्या मोबाइलवर जातो. रॅगिंगविरोधी नियम अत्यंत आवश्यक आहेत आणि त्यात काडीचीही ढिलाई नको. फक्त ज्या विद्यार्थ्याने पंचविशी ओलांडली आहे त्याचे स्वतःचे हमीपत्र पुरेसे मानावे, आणि ज्यांचे आईवडील हयात नाहीत अशा चाळिशीतल्या माणसाला 'पालक' शोधत फिरायला लावू नये. बारावीनंतरच्या खंडाबद्दल जे गॅप सर्टिफिकेट द्यावे लागते, त्यातही नोकरीचा अनुभव दाखला सरळ ग्राह्य धरावा. दहा वर्षे भविष्यनिर्वाह निधी भरणाऱ्या माणसाने त्या काळात आपण दुसरीकडे कोठे प्रवेश घेतला नव्हता हे प्रतिज्ञेवर सांगायचे, यात कोणाचेच काही साधत नाही.

फीच्या सवलतींचे दुखणे याहून खरे आहे. ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेच्या आतल्या कुटुंबांना मिळणाऱ्या सवलतींसाठी तहसीलदारांचा जो दाखला लागतो, तो सरलेल्या वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. नोकरी सोडून आलेल्याचे सरलेले वर्ष हे त्याच्या पगाराचे शेवटचे वर्ष असते. म्हणजे ज्या वर्षी हातात पैसा यायचा बंद झाला, त्याच वर्षी तो कागदावर सुस्थितीत ठरतो. शिवाय अर्जातले 'कुटुंब' म्हणजे आईवडील की नवरा-बायको, याचे उत्तर खिडकीगणिक बदलते. राजीनाम्याचे पत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश जोडल्यास चालू वर्षाचे उत्पन्न धरावे, एवढी एक ओळ परिपत्रकात आली तरी बरेच प्रश्न मिटतील. शैक्षणिक कर्जाबद्दल शासनाला फारसे काही करता येणार नाही, ते बँकांचे क्षेत्र आहे. अर्जदार पस्तिशीचा आणि नोकरी नसलेला दिसला की शाखेत जो चेहरा होतो तो मी पाहिलेला आहे.

बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांची गोष्ट निराळी. माझा एक जुना सहकारी अभियंता आहे, बारावीला त्याने गणित घेतले होते. अशांसाठी आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी फार चांगला निर्णय केला: बारावी झाल्यानंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण झालेला उमेदवारही नीटला पात्र राहील. राज्य मंडळाकडे 'तुरळक विषय' म्हणून, म्हणजे एखादाच विषय घेऊन, परीक्षेला बसण्याची सोय जुनीच आहे. कागदावर वाट मोकळी आहे. पण प्रात्यक्षिके कोण करून घेणार? कनिष्ठ महाविद्यालये तीस वर्षांच्या एकट्या उमेदवाराला प्रयोगशाळेत घ्यायला राजी नसतात, आणि त्यांना तसे सांगणारे पत्रही कोणाकडे नसते. शालेय शिक्षण विभागाशी बोलून प्रत्येक जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयाला हे काम नेमून दिले, तर आयोगाचा तो निर्णय खऱ्या अर्थाने अमलात येईल.

आयोगाकडे आणखी एक मागणे आहे, आणि ते स्त्रियांचे आहे. तिशीत प्रवेश घेणाऱ्या बाईला अभ्यासक्रमाच्या काळात मूल होण्याची शक्यता अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा अर्थातच जास्त. पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेची तरतूद आहे. पदवीपूर्व अभ्यासक्रमात मात्र व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरीची अट समोर उभी राहते आणि रजेचा निर्णय अधिष्ठात्यांच्या भलेपणावर राहतो. अभ्यासक्रम पूर्ण करायला प्रवेशापासून नऊ वर्षांची मुभा आपण दिलेलीच आहे. त्या नऊ वर्षांच्या आत, परीक्षेची एक संधी न दवडता, किती महिने बाहेर राहता येईल आणि परतल्यावर कोणत्या तुकडीबरोबर बसायचे, हे नियमातच लिहिलेले असावे.

काय मागत नाही तेही स्पष्ट करते, कारण याबाबतीत आमच्यातल्याच काहींशी माझे पटत नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण आधीच्या पदवीनंतरच सुरू होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. त्यांचा दाखला देऊन इथेही पदवीधरांना एक वर्ष माफ करावे, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. तिथे चार वर्षांनंतर रुग्णालयात देखरेखीखाली जे लांबलचक प्रशिक्षण होते, त्याची तजवीज आपल्याकडे प्रत्येक नव्या डॉक्टरसाठी नाही; आपला एमबीबीएस आंतरवासिता संपल्यावर कधी कधी दुसऱ्याच आठवड्यात आरोग्य केंद्रावर एकटा असतो. शिवाय पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्र कुणाच्या आधीच्या नोकरीने सोपे होत नाही. विच्छेदन कक्षात ब्रेकिअल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या, शाखा ओळखताना मी किती दावे मंजूर केले होते याचा मला काडीइतका उपयोग झाला नाही, आणि डोळ्यांत फॉर्मालिन गेल्यावर येणारे पाणी सगळ्यांना सारखेच येते. साडेपाच वर्षे ती साडेपाचच राहू द्यावीत.

माझ्या विनंत्यांपैकी बहुतेकांना नवा पैसा लागत नाही. हमीपत्र, गॅप सर्टिफिकेट आणि उत्पन्नाचा दाखला या बाबी एका परिपत्रकाच्या आहेत आणि पुढच्या प्रवेशफेरीची माहितीपुस्तिका छापण्याआधी होऊ शकतात. रजेसाठी आयोगाला नियमात दुरुस्ती करावी लागेल. त्याला वेळ लागेल हे समजते. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वयोमर्यादेचा निर्णय मात्र लांबवण्यासारखा नाही. वयाची अट गेल्यानंतर २०२२ मध्ये ज्यांनी प्रवेश घेतला, ती तुकडी आंतरवासिता आणि बंधपत्र उरकून २०२९च्या सुमारास भरतीच्या जाहिरातीपुढे उभी राहील. सेवाप्रवेश नियम बदलायला सामान्य प्रशासन विभाग, वित्त विभाग आणि लोकसेवा आयोग यांचे अभिप्राय लागतात, आणि फायलीला किती टेबले असतात हे मीही टेबलावर काम केलेले असल्यामुळे जाणते. म्हणून या प्रस्तावाची टिप्पणी याच आर्थिक वर्षात सादर व्हावी आणि तिच्यावर काय निर्णय झाला हे विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध व्हावे, अशी सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सचिवांना विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एमबीबीएस तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी

प्रत माहितीसाठी : मा. सचिव, सामान्य प्रशासन विभाग, महाराष्ट्र शासन, मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई.